ईव्हीएसचा राहिलेला पेपर

कामोठे,
शुक्रवार, १३ मार्च २०२६

प्रिय शुभदा,
अनेक आशीर्वाद.

नाशिकचं नवं घर लावून झालं असेल. बाल्कनीत तुळस ठेवलीस का? इथे उकाडा सुरू झालाय, पण संध्याकाळी खाडीकडून बरा वारा येतो. माझे गुडघे ठीक आहेत. मनस्वी मजेत आहे, असं लिहिणार होते, पण ते पूर्ण खरं नाही.

फोनवर आपण दोघी तिने काय खाल्लं, किती खाल्लं एवढंच बोलतो. शिवाय ती शेजारी कान देऊन बसलेली असते. म्हणून हे लिहितेय. पत्राचा फोटो काढून पाठवते.

काल तिचा शेवटचा पेपर होता, ईव्हीएसचा, म्हणजे परिसर अभ्यासाचा. तो तिने दिला नाही. घाबरू नकोस, तब्येत चांगली आहे. सकाळी युनिफॉर्म, बूट सगळं घालून दारात बसली आणि पोट दुखतंय म्हणाली. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि म्हणाले, "आजी, हे परीक्षेचं पोट आहे. मार्चात रोज दहा येतात." मलाही तसंच वाटलं. पण धडे तर तिचे अगदी पाठ होते.

दुपारी दहीभात भरवत होते. तेव्हा तिने सहज विचारलं, "आजी, एक पेपर राहिला तर परीक्षा संपली असं नसतं ना?"

नसतं, मी म्हटलं.

"मग ठीक आहे," म्हणाली आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

शुभदा, तेव्हा मला कळलं. तू, आशुतोष आणि मी, आपण तिघांनी जानेवारीत ठरवलं होतं ना, परीक्षा होईपर्यंत तिला काही कळू द्यायचं नाही. मम्मा ट्रेनिंगला गेलीय, बाबाचं पुण्याला प्रोजेक्ट आहे, असं सांगत राहायचं. आपल्याकडे सगळंच परीक्षेनंतर असतं. मुंज, घराचा रंग, टॉन्सिल्सचं ऑपरेशन. तुमचं वेगळं होणंही आपण तसंच पुढे ढकललं, तेही तिसरीतल्या मुलीसाठी. तिने दाराआडून एवढंच ऐकलं होतं, हे नंतर तिनेच सांगितलं, "परीक्षा झाली की मग." मग काय, ते तिला नक्की ठाऊक नव्हतं. ते येऊ नये म्हणून पोरीने परीक्षाच संपू दिली नाही.

मी तुला आधी फोन करायला हवा होता. पण तिने सरळ माझ्याकडे बघत विचारलं, "मम्मा आणि बाबा आता एकत्र राहणार नाहीत का?" त्या डोळ्यांपुढे मला प्रोजेक्ट आणि ट्रेनिंग काही सुचेना. मी खरं सांगितलं. नाही राहणार. तू मम्माकडे राहशील, शाळा नवी असेल, बाबा भेटायला येईल. आणि यात तुझं काहीही चुकलेलं नाही.

खूप रडली. मीही. मग तोंड धुऊन आली आणि प्रश्नांवर प्रश्न. नाशिकच्या शाळेत स्विमिंग आहे का? सायकल टेम्पोतून येणार की इथेच राहणार? बाबा आला की झोपणार कुठे? जे माहीत होतं ते सांगितलं. बाकीचं माहीत नाही, मम्माला विचारू, म्हटलं. तिला ते चाललं. आपणच उगाच दोन महिने उत्तरं तयार करत बसलो.

मला आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर एडिथ आठवल्या. वडिलांच्या बदलीमुळे एखादी मुलगी शाळा सोडायची, तेव्हा शेवटच्या दिवशी सिस्टर तिला हाताला धरून सगळीकडे फिरवायच्या. बाक, पाण्याचा नळ, चॅपलच्या पायऱ्या, प्रत्येकाला 'थँक यू' म्हणायला लावायच्या. आम्ही बाकीच्या फिदीफिदी हसायचो. पण ती मुलगी ताठ मानेने फाटकाबाहेर पडायची.

संध्याकाळी मी मनस्वीला तसंच फिरवलं. तिने लिफ्टला थँक यू म्हटलं, बागेतल्या मोडक्या झोपाळ्याला म्हटलं. भेळवाल्याने विचारलं, "किधर जा रही है?" तर म्हणाली, "नासिक. मम्मा के पास." हे तिने पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं. त्याने शेव जरा जास्तच घातली.

टीचर सोमवारी पेपर घेणार आहेत. ती देते म्हणाली, पण आधी तुम्ही दोघांनी यायचं आणि तिला एकत्र बसून सांगायचं. मी सांगितलेलं तिला पुरत नाही. बरोबरच आहे तिचं. आशुतोष रविवारी येतो म्हणालाय. तूही ये. माझ्यावर रागावली असशील तर स्वयंपाकघरात येऊन रागव, मी ऐकून घेईन.

आता राहिलेलं लिहिते. भेळ खाताना तिने आणखी एक विचारलं होतं, "गणपतीत मी कुठे असणार?" तो प्रश्न गेले दोन महिने माझ्याही मनात आहे. दीड दिवस तिला पाठवशील का? आणि तू येशील का गं? तुझ्यासारख्या मोदकाच्या कळ्या या घरात कुणाला जमत नाहीत, पण मी मोदकांसाठी बोलावत नाहीये. माझ्या मुलाशी तुझं नातं संपलं म्हणून मी तुझी कुणी नाही, हे मला मानता येत नाही. तुला तसं वाटत असेल तर तेही सांग. तोवर मी सही नेहमीसारखीच करते.

तुझी,
आई