मातीकामाच्या वर्गातली जागा

जेवण फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात आहे. मी प्रयोगशाळेत जाते आहे. तुला उठवलं नाही, कारण समोरासमोर हे मला शांतपणे बोलता आलं नसतं.

काल औषधाच्या दुकानात खारूच्या मातीकामाच्या बाई भेटल्या. म्हणाल्या, "तुमच्या लेकीची जागा दुसरीला दिली हो. तिच्या बाबांनीच फोन केला, तिला त्याऐवजी वरच्या पातळीच्या गणिताच्या वर्गाला घाला म्हणून. कॉलेजवाले तेच बघतात म्हणे."

आपण तिघांनी टेबलाशी बसून मातीकाम ठरवलं होतं. "बनव बाई मडकी, पहिला कप माझा," असं तूच म्हणाला होतास.

घरी येऊन खारूला विचारलं. ती म्हणाली, "आई, नाटक नको करूस. गणिताचा तुझाच हट्ट होता, बाबांनी सांगितलंय मला." म्हणून पोरगी इतके दिवस माझ्याशी धड बोलत नव्हती, आणि मी वेडी, तिला अशक्तपणा आलाय समजून टॉनिक आणायला गेले होते.

कॉलेजची तुझी काळजी खरी असेल. त्यावर मी तुझ्याशी भांडले असते, कदाचित हरलेही असते. पण तू माझं नाव पुढे केलंस. मी विज्ञानवाली, तिला ते सहज पटणार, हे तुला पक्कं ठाऊक होतं.

काल मी तिला खरं सांगितलं नाही. ते तिला तुझ्याच तोंडून कळू दे, संध्याकाळी मी यायच्या आत.

टॉनिकची बाटली ओट्यावर आहे. ती तिला देऊ नकोस.