स्थिर हात

नागपूर, १९ नोव्हेंबर २०२४

सौ. आचल वहिनीस,
रुचीचा सा. न. वि. वि.

फोन तुम्ही स्पीकरवर ठेवता आणि आई शेजारी असते, म्हणून हे पत्र.

रविवारी व्हिडिओवर हेमेंद्रदादाने कप एका हाताने धरला. थेंबही सांडला नाही. आई म्हणाली, बघ, किती सुधारला. मी फार्मसिस्ट आहे, वहिनी. त्याच्या मनाच्या आजारावरच्या गोळीने हात थोडा कापतो. तो एकदम स्थिर झाला, तर गोळी बंद आहे, असा मला संशय आहे. होळीला तो जीव द्यायला निघाला, तेव्हाही आधी गोळीच सुटली होती.

आपल्या धाकट्या खुशीला पाहायला पाहुणे येणार, हे मला तुमच्या शेजारच्या पुष्पाबाईंकडून कळले. घरून का नाही? गोळी कोणी बंद केली, एवढेच लिहा.

लोभ आहे. वाढेल की नाही, ते उत्तरावर.
रुची

कुडवा, २४ नोव्हेंबर

प्रिय रुचीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी संताप आला. नवऱ्याच्या गोळ्या मीच लपवून राहिले, असं वाटलं ना तुला? पाकीट तर रिकामं होत होतं. मग दाराआड उभी राहिले. त्यांनी गोळी तोंडात घेतली, वरून पाणी घेतलं आणि मोरीत थुंकली.

काऊन, म्हणून विचारलं. सासूबाईंनी सांगितलं होतं म्हणे, पाहुण्यांपुढे हात कापायला नको. जमलं तर त्या दिवशी मावशीकडेच जाऊन बस. मग म्हणाले, मी नसलोच तर खुशीचं लगन आरामात जमेल.

त्याच दुपारी गोंदियाला डॉक्टरांकडे नेलं. गोळी सुरू आहे, एकटं सोडत नाही. पाहुण्यांना मीच फोनवर आजार सांगितला. तरी येतो म्हणाले. सासूबाईंनी बोलणं सोडलं. खुशी म्हणते, चहा दादाच नेईल, मी कप अर्धेच भरीन.

संशय घे, पण आधी माझ्याशी बोलत जा.
तुझी वहिनी

नागपूर, ३ डिसेंबर

सौ. वहिनीस,
सा. न.

पाहुण्यांचा नकार खुशीने कळवला. दादाने चहा सांडला नाही, हेही. आईने विचारले, झाले का तुझे समाधान. नाही झाले. दादा आता मनात हिशेब मांडेल, की आपल्यामुळे मोडले. खुशीने आजच त्याला सांगावे, की जी माणसे तासभर त्याच्या हाताकडेच पाहत बसली, त्यांच्या घरी तिला जायचेच नव्हते. ती हे मला फोनवर म्हणाली. त्याला म्हणाली का, ठाऊक नाही.

शनिवारी येते. तोवर रोज व्हिडिओ करा. तो हसतो, त्यावर माझा भरवसा नाही. हात दाखवा.

संशय तेवढाच आहे, लोभ मात्र वाढला.
रुची