फिरलेली पेटी

१ मार्च
घसा उघडला एकदाचा. आठवडाभर हळद नि कोमट पाणी, आवाज म्हणून फुटत नव्हता. सकाळी गच्चीवर जाऊन मधमाश्यांच्या पेटीपुढे बसलो. शेवग्याचा हुंकार दिला. खालच्या पट्टीत, लांब, शेवटी जरासा वर. बाबांनी शिकवलेला. शेवग्याची फुलं घातलेलं गूळपाणी पेटीपुढे ठेवून वर्षानुवर्षं हाच हुंकार दिलाय. तो ऐकला की माझ्या हुंकारी माश्या समोरच्या शेवग्यावर जातात, वाटेतल्या जास्वंदीकडे ढुंकून बघत नाहीत.
आज एकही हलली नाही. साहेबांची वाट बघत बसावं तशा दारात बसून राहिल्या.
थंडी असेल.

२ मार्च
बडोद्यात मार्चात कसली थंडी. स्वतःशी तरी खोटं लिहू नये.
पुन्हा तेच. गूळपाणी मात्र प्यायल्या. फुकटचं प्यायला बऱ्या.
मग आमची ही, मंगल, वर आली, बटाट्याचे पापड वाळत घालायला. काहीतरी गुणगुणत होती. भजन नाही, गाणंही नाही. सगळी पेटी उठली. हिच्या डोक्यावरून एक फेरी, नि थेट शेवग्यावर.
ही पापडावर टाकायचं जुनं पातळ शोधत होती. हिला पत्ताच नाही.

४ मार्च
पेटी फिरली. लिहून टाकलं.
हुंकारी एका वेळी एकच गळा मानते. दुसरा धरला की पहिला सुटला, बाबा म्हणायचे. मी खाली अंथरुणात, आणि वर आठवडाभर हिचं वाळवण नि गुणगुणणं. संपला विषय.
जळफळाट होतोय, खोटं कशाला बोलू. निवृत्त झाल्यापासून माझं ऐकणारं दुसरं होतं कोण? हिचं सगळेच ऐकतात. दूधवाला, भाजीवाली, आमची केतकी, जावईसुद्धा. एवढी एक पेटी माझी होती. पाडव्याला कडुनिंबाच्या पाल्यावर शेवग्याचा मध घालून पहिला चमचा पेटीवाल्याने घरात वाटायचा. बाबांनंतर तो मान माझा. यंदा वाटू कुठल्या तोंडाने?

६ मार्च
शेजारचे दिनेशभाई येऊन गेले. त्यांच्याकडेही हुंकारी आहेत, त्यामुळे त्यांना गच्चीवरून सगळं दिसतं. "साहेब, पेटी फरी गई के?" मग मंगलकडे बघून, "भाभीना गळामां मध छे." हसले. मीही हसलो. दात दुखले.
मंगलने चहा दिला. म्हणाली, "मी काय केलं? मी तर नेहमीच गुणगुणते."
नेहमी? मी तर कधी ऐकलं नाही.

७ मार्च
उपाय आहे. बाबांच्या वेळचा. फिरलेली पेटी वळवायची तर नव्या गळ्याने मुकं राहायचं. घरात, गच्चीवर, न्हाणीघरात, कुठेही नाही. बोललेलं चालतं, गुणगुणणं बंद. माश्या विसरल्या की पुन्हा जुन्या गळ्याकडे येतात.
मंगलला नीट समजावून सांगितलं. कणीक मळत होती. हात थांबले.
"बरं," म्हणाली.
मला वाटलं होतं भांडेल.

११ मार्च
शब्द पाळते, मानलं पाहिजे. एकदा सुरू झाली होती, मी खाकरलो, तर तोंडावर हात ठेवला. दुपारी स्वयंपाकघराच्या दाराआड उभा राहून ऐकलं. नुसता विळीचा आवाज. बायकोवर पाळत ठेवायची वेळ आली, तीही माश्यांपायी.
माश्या बाहेर जात नाहीत. मी हुंकार देतो तेव्हा दाराशी येतात, थांबतात, आत वळतात. वाट बघताहेत कुणाची तरी. माझी नाही.

१४ मार्च
मंगल फतेगंजला गेली, केतकीकडे. "जरा राहून येते." किती दिवस ते नाही सांगितलं, मीही नाही विचारलं. पोळ्या करून गेली. लोणच्याची बरणी कुठे आहे ते दोनदा सांगितलं.
खरं सांगायचं तर बरं वाटलं. आता मैदान मोकळं.

१५ मार्च
घर भलतंच गप्प आहे. आधीही असंच होतं असं मी धरून चाललो होतो. नव्हतं. मागे काहीतरी सतत चालू असायचं, फ्रीजसारखं. बंद पडल्यावर कळतं.
पेटीपुढे हिची चाल गुणगुणून पाहिली. आठवेना. सुरुवात कुठून होते तेही नाही. माश्यांना आठवड्यात पाठ झाली आणि मी...

१७ मार्च
पेटी रिकामी. पोळं आहे, मध आहे, माशी एक नाही. राणीही गेली. दिनेशभाईंकडे बघून आलो, तिथे नाहीत.
दुपारी केतकीचा फोन. "बाबा, तुमच्या माश्या इथे आल्यात. गॅलरीच्या ग्रिलवर लटकल्यात सगळ्या. सोसायटीवाले फवारणीवाल्याला बोलावतायत. तुम्ही लवकर या ने."
"आईने गुणगुणलं का काही?"
"छे. आल्यापासून गप्पच आहे ती. भांडलात का तुम्ही?"
म्हणजे हाक न मारता गेल्या. मकरपुऱ्याहून अख्खं बडोदं ओलांडून.
पेटी स्कूटरवर पुढे घेऊन गेलो. ग्रिलखाली धरून हुंकार दिला. सगळी सोसायटी खाली जमलेली, वॉचमन मोबाइलवर शूटिंग करतोय. एक माशी हलली नाही. मंगल गॅलरीत उभी. शेवटी म्हटलं, "तूच दे बाई. आत जातील."
तिने प्रयत्न केला. कोरडा आवाज आला, विचारल्यासारखा. माश्या हलल्या, पुन्हा थांबल्या.
"येत नाही हो," म्हणाली. "मी ठरवून कधी केलंच नाही."
सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, पाडवा होऊ द्या, दुसऱ्या दिवशी फवारणार.

१८ मार्च
केतकीकडेच राहिलो. माश्या ग्रिलवर, उपाशी. गूळपाण्याला तोंड लावत नाहीत.
चहा घेताना मंगलने विचारलं, "याच्या आधी माझं गुणगुणणं तुम्ही ऐकलं होतंत कधी? खरं सांगा."
"नाही."
"मग बंद कशाला करायला लावलंत?"
बिस्किट बुडवत बसलो, ते कपात पडलं.
इतके दिवस हिचा हेवा वाटत होता. आता माश्यांचा वाटतो, आणि तो जास्त लागतो. ज्या आवाजामागे त्या जीव टाकून इथवर आल्या, तो माझ्या घरात, माझ्या भिंतीपलीकडे होता. मला फुकट मिळत होता.

पाडवा
गुढी पुढच्या खिडकीत उभारली, माश्यांना धक्का नको म्हणून. मंगल गॅलरीत बसून कडुनिंबाचा पाला खुडत होती. पेटी तिच्या पायाशी, उघडी. तिच्याकडे बघायचं नाही, कान द्यायचे नाहीत, असं ठरवून मी आत पेपर उघडून बसलो. एकच बातमी किती वेळा वाचली कोण जाणे.
केव्हातरी सुरू झालं. आधी तुटक, मग सलग. मान वर करायची हिंमत झाली नाही. जावई कुजबुजला, "बाबा, आत चालल्यात."
मग वाटी आली. वाटलेला पाला, वर गेल्या वर्षीचा मध. मंगलने वाटी माझ्यासमोर धरली, दर वर्षीसारखी. मी चमचा घेतला. परत ठेवला.
"पेटीवाल्याने वाटायचा असतो," म्हटलं.
तिने बघितलं माझ्याकडे. मग पहिला चमचा मला दिला. हात पुढे करताना जड गेलं, लपवत नाही. कडूच लागला.
केतकीने विचारलं, "आई, संध्याकाळी पेटी मकरपुऱ्याला ना?"
मंगल म्हणाली, "बघू."

२२ मार्च
माश्या पेटीत गेल्याने फवारणी टळली. पेटी फतेगंजला. मंगलही. तिकडे मागच्या गल्लीत शेवगा आहे म्हणे.
गच्चीवरची पेटीची जागा धुऊन काढली. मुंग्या लागल्या होत्या. दिनेशभाई कठड्यावरून म्हणाले, "भाभी क्यारे आवशे?" मी म्हटलं, कधी येईल ते पेटीला विचारा. यावर हसले नाहीत.
अजून जळतो. सकाळी उठल्याबरोबर मनात येतं, आत्ता ऐकत असतील लेकाच्या.
संध्याकाळी केतकीला फोन केला. मागे भांड्यांचा आवाज होता आणि त्याच्या मागे, बारीक, ते. मी फोन कानाशी घट्ट धरला.
"बाबा? बोला ने. आईला देऊ का?"
"नको," म्हटलं. "बोलायचं काही नाही. फोन तसाच ओट्यावर ठेव थोडा वेळ."