वहिनीच्या पाठीवरचं लासं

प्रिय वहिनी,

परवा आपल्या शेजारच्या काशीमावशी वारल्या. त्यांच्या पोटात कधी काही राहिलंय का? एव्हाना त्यांनी तिकडे वर तुम्हाला गाठून सगळं सांगितलंही असेल, पदरचे चार शब्द घालून. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. तुम्ही घातलेली शपथ मी मोडली. तुमच्या लेकीच्या, कुंदाच्या पाठीचं मी तिच्या वडिलांना, भावजींना सांगितलं, डॉक्टरीणबाईंना सांगितलं, आणि ते तिच्या होणाऱ्या सासरीही पोचलं.

रागावलात ना? रागवा. पण आधी ऐकून घ्या.

मी लग्न होऊन खाडीकाठच्या या घरात आले ते वर्ष आठवतं? दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला थोरल्या जावेची पाठ धाकटीने चोळायची, ही इथली रीत. उटण्याची वाटी घेऊन मी न्हाणीत आले आणि दचकलेच. तुमच्या डाव्या खांद्याखाली तळहाताएवढं तपकिरी लासं होतं, चहा सांडून वाळल्यासारखं. तुम्ही हसलात. "जन्माचं हाय गं, शालू. किती बी घास, जानार नाय."

त्यात चारपाच बारीक तीळ होते. पुढच्या दिवाळीला सात झाले. मग दरवर्षी ते मोजायची मला सवयच लागली, आणि तुम्हाला चिडवायचीही. "वहिनी, यंदा पीक चांगलं आलंय!" काय अक्कल होती माझी! एरवी वर्षभर तुमची पाठ पोलक्याआड. ती बघणारी मी एकटी, तीही वर्षातून एकदा. आणि मी थट्टा करत बसले.

चौथ्या की पाचव्या दिवाळीला त्यातला एक निराळाच दिसला. बाकीचे तपकिरी, हा काळानिळा, कडेला वेडावाकडा आणि वर आलेला. उटणं लावताना त्यातून रक्त आलं. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू या. तुम्ही डोळे वटारलेत. "परक्या बाप्याफुडं पाठ उघडी करू? येडी का खुळी तू?" आणि मग तुमचा उपाय निघाला, घोड्याच्या शेपटीचा केस. चामखीळ आली की आपल्याकडे सगळे तेच करतात. केसाने आवळून बांधायची, आठ-दहा दिवसांत सुकून पडते. पण ती चामखीळ होती का? आपण दोघींनी तीच धरली.

केस मीच आणला. माणिकपूरला स्टेशनजवळ टांगे उभे असायचे, तिथे जाऊन मागितला. टांगेवाला म्हणाला, "एक कशाला वैनी, दोन न्या." गाठही मीच मारली. तुम्ही ओठ दाबून बसलात. दहाव्या दिवशी ते पडलं. तुम्ही आरशात मान वळवून वळवून बघितलंत आणि म्हणालात, "बघ, डाक्तर काय येगळं करनार व्हता?" किती खूश होतो आपण! त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी पातोळ्या केल्यात.

पुढच्या दिवाळीला तुमच्या काखेत गाठ होती.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळातले डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मी त्यांना केसाचं विचारलं. ते म्हणाले, "केसाने आजार झाला नाही. पण वरचं तेवढं पडलं, मूळ आत राहिलं, आणि तुम्ही निर्धास्त झालात." मी घरी आले आणि तांदूळ निवडायला बसले. दुसरं काय करणार होते?

एक मात्र बोलतेच. माणिकपूरला तेव्हाही डॉक्टरीणबाई होत्या हो! बाईमाणूस! तुमच्या बहिणीचं बाळंतपण त्यांनीच केलं होतं. स्टेशनवरून येणारे टांगे त्यांच्या दारावरूनच यायचे. तुम्हाला का नाही सुचलं? आणि केस घेऊन त्याच रस्त्याने परतताना मला का नाही सुचलं?

शेवटच्या महिन्यात तुम्ही माझा हात धरून कुंदाची शपथ घातलीत. तिलाही त्याच जागी तसंच लासं. "तिचं लगीन होईस्तोवर कोनाला बोलू नको. आईला यानंच नेलं म्हनतील. पोरीला मग कोन करनार?" मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

गेल्या दिवाळीला कुंदाला एकोणिसावं होतं. चंदनसारच्या एका घरी तिचं ठरलं होतं, मार्गशीर्षात लग्न. आई नाही म्हणून तिची पाठ चोळायला मीच बसले. ती म्हणाली, "काकी, मधला तो तीळ खाजतो गं. घोड्याचा केस आणशील? आईला बांधला होतास ना?"

मी उटणं पुसून बघितलं. तोच काळानिळा रंग, तशीच वेडीवाकडी कड. खोटं कशाला बोलू, मला शपथेची भीती वाटली. मोडली आणि पोरीला काही झालं तर? पण पाळली तर काय होईल, ते मी या डोळ्यांनी पाहिलं होतं.

फराळाला बसायच्या आधी मी भावजींना सगळं सांगितलं. भाऊबीज झाल्यावर आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो, त्यांनी मुंबईला पाठवलं. तिथे तो तीळ मुळापासून कापून तपासला. कॅन्सर झालेला नव्हता. व्हायच्या वाटेवर होता, असं डॉक्टर म्हणाले. वाचली हो तुमची पोर!

लग्न मात्र मोडलं, तुम्ही म्हणाला होतात तस्सं. चंदनसारला बातमी काशीमावशींनी पोचवली, हे त्या तुम्हाला सांगायच्या नाहीत. निरोप आला त्या दिवशी कुंदाने मला एवढंच विचारलं, "आईला शब्द दिला होतास ना?" तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. मी वाढलेलं जेवते, ताट उचलते, निघून जाते. मला वाईट वाटतं, वहिनी. फार वाटतं.

डॉक्टरांनी दर महिन्याला पाठ बघायला सांगितलंय. पहिल्या रविवारी सकाळी कुंदा मागच्या दारी उजेडात पाट मांडते, पोलकं सोडते आणि माझ्यापुढे येऊन बसते. मी एकेक तीळ नीट बघून होईपर्यंत हलत नाही.

त्या केसासाठी मला क्षमा करा. शपथेसाठी मी मागत नाही. आणि आता मी आपणहून वचन देते. कुंदा बोलो न बोलो, तिचं लग्न होवो न होवो, माझ्या डोळ्यांना दिसतंय तोवर मी तिची पाठ बघीन. आणि काही दिसलं तर गप्प बसणार नाही.

तुमची धाकटी जाऊ,
शालू