मागे कोण उभं होतं

१३ जून, शुक्रवार

बोलत का नाही तो मुलगा? तोंड आहे ना त्याला! सरळ म्हणायचं — काकू, तुम्ही खोटं बोलताय. मी भांडले असते, आरडाओरडा केला असता, मोकळी झाले असते. पण नाही! हा होणारा जावई, प्रबोध, आपला मान खाली घालून बसतो.

परवाची गोष्ट. युरोपातला शेवटचा दिवस. सगळी पोरीची, रुपालीची हौस — लग्नाआधी आईबाप आणि होणारा नवरा, सगळ्यांना एका गाडीत कोंबून फिरवायचं. गाडी कसली, घरच ते. आत शेगडी, पलंग, संडास. दहा दिवस चालवली प्रबोधनेच. संडासाचा डबासुद्धा रोज तोच रिकामा करायचा, मला हात लावू दिला नाही. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक फळी होती, तिच्यावर झोपायचा. पाय बाहेर लोंबकळत!

चार वाजता म्युनिकला गाडी परत द्यायची होती. मीच मागे लागले होते — आटपा, आटपा! गाडीचं घाण पाणी सोडून झालं. आता मागे घ्यायची. 'काकू, जरा मागे उभ्या राहून बघता का?' राहिले. तेवढ्यात ताईचा फोन. फोन कानाला आणि दुसऱ्या हाताने माझं चालूच — ये, ये, येऊ दे. बघितलंच नाही मी. धाड! नळाचा लोखंडी खांब. हे आत उभे राहून डबे भरत होते, ते पडले. यांचं मनगट मोडलं.

आणि मी काय ओरडले? 'मी थांब थांब म्हणतेय, ऐकतच नाही हा!' यांचा हात बघायच्या आधी हे!

प्रबोधने माझ्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, 'हो. माझंच लक्ष नव्हतं.'

दवाखाना, प्लास्टर, आणि पुढे तीन तास गाडी. कपाटातल्या ताटल्या तेवढ्या खडखडत होत्या. रुपाली पुढे बसलीच नाही, मागे पप्पांजवळ गेली. म्हणून मी पुढे, त्याच्या शेजारी. तीन तासांत एकदाच बोलला. 'काकू, ऊन लागतंय का?' आणि माझ्या बाजूची झडप खाली केली.

मारलं असतं तर बरं झालं असतं.

१४ जून, शनिवार

यांच्या शर्टाची बटणं मी लावतेय. हे म्हणाले, 'ज्याला गाडी सांभाळता येत नाही, तो पोरगी काय सांभाळणार?' रुपाली ऐकत होती. मी बटणं लावत राहिले.

१६ जून, सोमवार

रुपालीने अंगठी काढून फ्रीजवर ठेवली. 'तू थांब म्हणालीस, तो नेव्हर लिसन. उद्या बेबी असेल तर हाऊ? लग्न नको आत्ता.' मी म्हटलं, अगं — तर इथल्या पोरांसारखं 'लाह' लावत म्हणे, 'डोन्ट डिफेंड हिम लाह, मम्मी!'

१८ जून, बुधवार

राहवेना. यिशुनच्या घरून निघाले, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, थेट हार्बरफ्रंटला प्रबोधच्या ऑफिसच्या दारात. डबा हातात दिला.

'का बोलत नाहीस रे?'

'बोललो असतो तर रुपालीने कोणाचं खरं मानायचं, काकू? तुमचं की माझं?'

'आणि आता लग्न मोडतंय ते?'

'दिसतंय मला.'

'मूर्ख आहेस!'

'हो काकू.' मग डबा उघडून बघितला. 'काकांचा हात कसा आहे?'

बस! आता सांगायचं. आधी यांना, मग पोरीला.

१९ जून, गुरुवार

यांना सांगितलं. सगळं. रडलेही. यांनी टीव्हीवरची नजर काढली नाही.

'माहितीये. मागच्या खिडकीपाशी उभा होतो मी. फोन कानाला होता तुझ्या.'

'अहो, मग आठ दिवस त्या पोराला टोचून का बोलताय?'

'त्याचा इथे काम करायचा पास संपतोय. डिसेंबरात लग्न, जानेवारीत पोरगी त्याच्याबरोबर नागपूरला. एकुलती एक आहे. मोडतंय तर मोडू दे. तू गप्प बस.'

माझ्या तोंडून खोटं घाबरून निघालं. पण निघालं तेव्हा यांना केवढं उपयोगी पडलं!

२० जून, शुक्रवार

रुपालीला सांगितलं. माझं तेवढंच, तिच्या पप्पांचं नाही. ती उठली. मग खोलीत गेली, दार लावून घेतलं.

यांना म्हटलं, माझं मी बोलले, तुमचं तुम्ही बोलायचं. रविवारी दुपारी प्रबोधला जेवायला बोलावलंय. रविवारी सकाळी चहाच्या आधी मला सांगा — पोरीशी तुम्ही बोलताय, की मी बोलू?