खडकवासला की डेहराडून

१५ जून १९५८, रनाळे
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. कोठीत सरकीच्या पोत्यामागे ठेवणार, तिथे माय सोडून कोणी जात नाही आणि मायला वाचता येत नाही.
मुख्य गोष्ट: मी मिलिटरीत ऑफिसर होणार. एवढं पक्कं. प्रश्न एकच उरला आहे, अकॅडमी कुठली घ्यायची. मॅट्रिक होऊन लगेच खडकवासला, की इंटर करून मग डेहराडून. घाईत ठरवण्यासारखी गोष्ट नाही.
उद्यापासून पहाटे चारला उठून शेतापर्यंत धावणे.

१६ जून, सकाळी साडेआठ
झोप झाल्याशिवाय ताकद येत नाही. मिलिटरीतही हेच शिकवत असतील.

२ जुलै
खडकवासल्याची चांगली बाजू: पुणं जवळ, ज्वारीची भाकरी मिळेल. वाईट बाजू: पुण्याचे लोक आपल्या बोलण्याला हसतात म्हणे. डेहराडूनची चांगली बाजू: तिथे कोणालाच मराठी येत नाही, त्यामुळे हसणार कोण? वाईट बाजू: थंडी. माझी प्रकृती सर्दीची आहे.
दादांना विचारलं. ते बैलाच्या खांद्याला हळद लावत होते. वर न बघता म्हणाले, "आधी मॅट्रिक तं व्हय, मंग कोठे बी जाय." दादांची नजर बांधापलीकडे जात नाही. शंभर एकर असून उपयोग काय?

१९ जुलै
रायसिंग मास्तरांना गाठलं. आमच्या नंदुरबारच्या शाळेत ते ड्रिल घेतात, पूर्वी पलटणीत शिपाई होते. म्हणाले, आधी फॉर्म मागव. मी म्हटलं, अकॅडमी ठरल्याशिवाय फॉर्म कसा मागवू? ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. हुशार मुलगा समोर आला की शिक्षकांचं असंच होतं.
मग म्हणाले, दोन्हीकडे एक अट सारखी आहे. उमेदवार बिनलग्नाचा पाहिजे.

१९ जुलै, संध्याकाळी
माझं लग्न झालेलं आहे. विसरलोच होतो.
मी आठ वर्षांचा होतो, ती पाच. खापरच्या चुनीलाल पाटलांची तापी. मला आठवतं ते एवढंच, की बाशिंग टोचत होतं आणि मी मामाच्या मांडीवर झोपलो होतो. ती अजून माहेरीच आहे, नांदायला आलेली नाही. झोपेत लागलेलं लग्न धरायचं का? उद्या मास्तरांना विचारणार.

२० जुलै
धरतात.

१४ ऑक्टोबर
तापीचे वडील आले होते. येत्या अखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की, मुलीला सासरी आणा म्हणाले. गरीब माणूस, बोलताना टोपी सारखी हातात घेतो. दादा 'हो' म्हणायच्या बेतात होते. मी मध्ये पडून स्पष्ट सांगितलं की माझा अजून निर्णय व्हायचा आहे. चुनीलालमामांनी विचारलं, कसला? मी दोन्ही अकॅडम्या नीट समजावून सांगितल्या. त्यांना काही कळलं नाही, पण जाताना मला नमस्कार केला. सवय व्हायला हवी.

८ फेब्रुवारी १९५९
चुलतबहिणीचं लग्न. घर पाहुण्यांनी भरलंय. तापी आली आहे, चार दिवसांसाठी. उंच आहे, सावळी. माझ्याहून बोटभर उंच असेल, पण मी वहाणा घातल्यावर फरक पडत नाही.
तिच्यापासून लांब राहायचं ठरवलं. मी खळ्यात कडब्याच्या गंजीजवळ झोपतो. उद्या चौकशी झाली तर कोणी बोट दाखवता कामा नये.

१० फेब्रुवारी
तापी खळ्यात आली. दोन हात लांब उभी राहिली, पदर नीट डोक्यावर. म्हणाली, "तुमले कोठे जावानं शे ते ठरी जाऊ द्या. मी वाट देखसू. पन मले कव्हय लई जाशात, इतलं सांगा." मी सांगितलं की डेहराडून ठरलं तर चार-पाच वर्षं, खडकवासला ठरलं तरी तेवढीच. शिवाय दोन्हीकडे बायको चालत नाही. तिने गंजीतून निसटलेला कडबा गोळा करून परत नीट लावला आणि गेली.
बायकांना करिअरचं समजत नाही.

११ फेब्रुवारी
तापी चुलीपाशी पडली. सकाळपासून वऱ्हाडाच्या भाकरी थापत होती, पोटात काही नव्हतं असं माय म्हणते. डोळे पांढरे झाले, पाणी मारल्यावर उठली आणि पुन्हा थापायला बसली. अशी कमजोर बायको ऑफिसर मेसमध्ये शोभली नसती.

३ मार्च
मॅट्रिकचा अभ्यास सुरू. आज भूगोल. नकाशात डेहराडून शोधण्यात दुपार गेली. हिमालय फार जवळ आहे.

२ एप्रिल
परीक्षा झाली. गणिताचा पेपर विचित्र होता. इंग्रजीत निबंध 'माय एम इन लाइफ' आला, मी दोन्ही अकॅडम्यांवर लिहिल्यामुळे वेळ पुरला नाही. तपासणाऱ्यावर छाप पडणार.
आता लग्नाचा अडसर काढायचा. दादांना म्हटलं, फारकत घ्या. दादा म्हणाले, "बाजारात तुरी आन् भट भटनीले मारी." मी उपोषण सुरू केलं.

४ एप्रिल
उपोषणाचा तिसरा दिवस. माय दोन वेळा कोठीत भाकरी ठेवून जाते, तिला वाटतं, कोण ठेवतं ते मला माहीत नाही. तब्येत उत्तम.

५ एप्रिल
दादा नमले. मी त्यांना म्हटलं होतं की ऑफिसरला शहाद्याकडचे बागाईतदार मुली घेऊन दारात उभे राहतील. ते ऐकून त्यांनी विडी विझवली. नजर बांधापलीकडे गेली एकदाची.

१९ एप्रिल
पंच मारुतीच्या देवळात बसले. त्यांना कारण हवं होतं. मुलीकडे खोट नसेल तर फारकत कशाची, आणि तरीही सोडली तर आपल्याकडून तिचे दागिने, मानपान सगळंच परत जाणार. दादा माझ्याकडे बघायला लागले.
मला ऐनवेळी सुचलं. याला मिलिटरीत प्रेझेन्स ऑफ माइंड म्हणतात. मी सांगितलं, हिला फेफरं येतं, चुलतबहिणीच्या लग्नात अख्ख्या वऱ्हाडाने पाहिलं आहे.
तापीला विचारलं. ती म्हणाली, "मले कधी फेफरं येल नही. त्या दिनले मी उपाशी व्हतू." मी म्हटलं, ज्याला येतं त्याला कळत नसतं. पंचांनी माना डोलावल्या. चुनीलालमामा टोपी हातात घेऊन उभे होते, ती त्यांनी परत घातलीच नाही.
तापी रडली नाही. थोडी रडली असती तर पंचांना जास्त खात्री पटली असती.
घरी येऊन दोन वाट्या शिरा खाल्ला. मोकळा झालो.

२१ एप्रिल
रायसिंग मास्तरांना बातमी सांगितली. ते म्हणाले, "अरे, फारकत झालेला माणूस बिनलग्नाचा कसा होईल?" ड्रिल मास्तरला कायदा काय कळतो!
मग विचारलं, फॉर्म मागवलास का. अजून ठरलेलं नाही.

१२ जून
मॅट्रिकचा निकाल. गणित, इंग्रजी, सायन्स. म्हणजे हे तिन्ही राहिले. बाकी सगळे सुटले. ऑक्टोबरला पुन्हा बसता येतं. एका दृष्टीने बरंच झालं, विचार करायला वेळ मिळाला.

२७ ऑगस्ट
खापरच्या बाजारातून आलेला माणूस सांगत होता, तापीची तीन स्थळं मोडली. फेफऱ्याची पोरगी कोण करणार? मी खडकवासल्याकडे झुकतो आहे.

५ डिसेंबर
ऑक्टोबरचा निकाल. गणित, इंग्रजी. सायन्स सुटलं. प्रगती आहे.
रायसिंग मास्तर म्हणाले, खडकवासल्याचं तुझं वय उलटलं. म्हणजे डेहराडूनच. इतके महिने डोकं शिणवलं आणि प्रश्न आपोआप सुटला. त्यासाठी आता फक्त मॅट्रिक आणि इंटर.

९ जानेवारी १९६०
तापीचा पाट लागला. दोधू म्हणून खापरमध्येच ऑइल इंजिनं दुरुस्त करणारा बिजवर आहे, पदरात दोन पोरं. एक तर अजून रांगतंय. चला, तिचंही मार्गी लागलं. माझ्यावर कोणी खापर फोडायला नको.

१८ जानेवारी
नवा प्लॅन. धुळ्याला भरती आहे. शिपाई म्हणून आत शिरायचं आणि आतून ऑफिसर व्हायचं. आतून जाणाऱ्याला अकॅडमी निवडायची कटकट नाही. गावातला भिकनही येतोय. सातवी पास आहे, ऑफिसर होणार नाही, पण सोबत म्हणून ठीक.

२१ जानेवारी, धुळे
सविस्तर लिहिण्यासारखं काही नाही. मैदानात रांगेत उभं केलं. सगळ्यांना कपडे काढायला लावले. डॉक्टरने माझे पाय जुळवून उभं केलं. गुडघे एकमेकांना लागतात, पावलं लागत नाहीत. त्याने खाली बोट दाखवून बाजूच्याला काहीतरी इंग्रजीत सांगितलं आणि मला म्हणाला, घर जाओ.
लग्न झालंय का, हे कोणी विचारलंच नाही. मी उत्तर पाठ करून गेलो होतो.
भिकनला घेतलं.

२ फेब्रुवारी
भिकन जायच्या आधी चावडीवर चहा पीत सगळ्यांना गोष्ट सांगत बसला होता. "डॉक्टरनी गिरधरभाऊले बठ्ठा कपडा काढाले लाया, खाले देखं, आनि सांगं, जा घर." मी तिथे जाऊन गुडघ्यांचं सांगितलं. सगळे ऐकताना गुडघ्यांच्या जरा वर बघत होते.

२० मार्च
शहाद्याकडचं स्थळ येणार होतं. नाही आलं.

२८ मार्च
तळोद्याचंही नाही. मध्यस्थाला दादांनी खोदून विचारलं. तो ओसरीवरून उतरून जोडे घालता घालता बोलला. लोक म्हणतात, सरकारी डॉक्टरने नागडा करून पाहिला आणि हाकलला. लोक म्हणतात, बायको चार दिवस घरात होती तर पोरगा खळ्यात झोपला. लोक म्हणतात, आपल्यात खोट होती म्हणून बिचारीवर फेफऱ्याचा आळ घेतला.
दादा आत येऊन भिंतीकडे तोंड करून निजले. माय दारात उभी राहून रस्त्यावरच्या बायकांना ओरडून सांगत होती, "मन्हा पोऱ्या चांगला शे!" तिने सांगायला नको होतं. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं.

१६ एप्रिल
पंच दादांना म्हणाले, आम्ही कोणाकोणाचं तोंड धरणार? एकच माणूस सांगू शकतं. चुनीलालची पोर जर म्हणाली की गडी बरा आहे, तर गप्पा बंद होतील.
सोपं आहे. तापी स्वभावाने चांगली आहे, एवढं करील. अखाजी होऊ दे.

३० एप्रिल, खापर
गेलो. तापी अंगणात डाळ निवडत होती. दोधूचं धाकटं पोर तिच्या पाठीला धरून उभं होतं. नवरा इंजिन उघडून बसला होता, हात काळे. मी इकडचं तिकडचं बोललो, मग सगळं सांगितलं. शब्द नीट जुळत नव्हते, ती निवडत होती ती डाळच बघत राहिलो.
ती म्हणाली, "मी काय सांगू? एक दिन बी तुमनासंगे नांदनू नही. मले काय म्हाईत?"
रागाने म्हणाली नाही. दिवस कलला तर कलला म्हणावं, तसं. मग पोराने डाळीत हात घातला, तो तिने काढला.
दोधूने मला चहा पाजला. रस्त्यापर्यंत सोडायला आला, खांद्यावर हात ठेवावा की नाही अशा विचारात होता, हाताला ग्रीस होतं म्हणून ठेवला नाही. हळूच म्हणाला, "लाजानं काम नही, भाऊ. तोरणमाळले एक भगत शे, जडीबुटी देस. गह्यरा लोकेसले गुण येल शे."
मी त्याला स्पष्ट सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. कुठून चढायचं, ते विचारून घेतलं.

४ मे
घरी. दादा बोलत नाहीत. माय बोलते, पण रडते.
मी चांगला विचार केला आहे. मला काहीही झालेलं नाही. पण इतके लोक म्हणतात, तीन तालुक्यांतले, तर थोडंफार काहीतरी असेलच. दाखवून यायला काय हरकत आहे.
उद्या पहाटे चारला उठून तोरणमाळ.

५ मे, सकाळी साडेआठ
मायने हलवून उठवलं. भाकरी बांधून ठेवलेली होती. म्हणाली, ऊन वाढायच्या आधी निघ, रस्त्यात कोणी विचारलं तर देवाला चाललो म्हणून सांग.