ताईचा पत्ता

आबा, ताईचं लग्न तुम्ही नानांच्या शब्दावर ठरवलंत, ते आज पुन्हा आठवलं, आणि राग अजून तेवढाच आहे. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापतेय, बाहेर अंगणाच्या ओट्यावर तुमचे थोरले चुलतभाऊ नाना चहा फुरकतायत. "मी सांगस ना, चोपडाना पोऱ्या चांगला शे." नानांनी मुलगा पाहिलेलाच नव्हता, त्यांनाही कुणीतरी सांगितलं होतं. मी म्हटलं, एकदा चोपड्याला जाऊन चौकशी करू या. तर तुम्ही माझ्यावरच डाफरलात, "नाना सांगी राह्यनात ना? मंग परत इचारनं म्हंजे त्यास्ना अपमान." मी तोंड मिटलं. ताईनं तिथं मार खाल्ला. तुम्ही देवाघरी गेल्यावर ती एक दिवस नवऱ्याला सोडून धुळ्याला निघून गेली. तिथला पत्ता फक्त मला माहीत होता.

मी आता जळगावात वेबसाइट बनवणाऱ्या ऑफिसात आहे. आम्ही साड्यांच्या एका दुकानाची साइट केली. माझ्या हातची साइट म्हणून ताईनं कौतुकानं साडी मागवली, घरचा पत्ता टाकून. त्या साइटवर दुसऱ्या एका कंपनीच्या खात्यानं आत येता येतं. ती कंपनी सांगते, हा ईमेल या माणसाचा, की आम्ही त्या ईमेलच्या खात्याचं दार उघडतो. पण तिच्याकडे कुणीही कुणाचाही ईमेल लिहून खातं काढू शकतो. तो ईमेल खरंच त्याचा आहे का, हे तपासलं की नाही, तेही ती कळवते. आम्ही ते बघतच नव्हतो. मी साहेबांना विचारलं होतं. ते हसले. "एवढी मोठी कंपनी सांगतेय ना? मग आपण कशाला परत विचारायचं?" तुमचंच वाक्य, फक्त शुद्ध मराठीत. मी पुन्हा तोंड मिटलं. वळण तुम्हीच लावलेलं.

ती साइट माझ्या हातची, हे ताईच्या नवऱ्याला नात्यातून कळलं होतं. त्यानं तिच्या ईमेलनं त्या कंपनीकडे खातं काढलं, आमच्या साइटवर ताई बनून शिरला, पत्ता वाचला आणि तिच्या दारात जाऊन उभा राहिला. शेजारणी धावल्या म्हणून ती वाचली. फोनवर एवढंच म्हणाली, "त्याले पत्ता कोनी दिन्हा?" मी साइटच्या नोंदी बघितल्या आणि खरं ते सांगितलं, पत्ता आमच्याच साइटवरून गेला आणि धोका मला आधीच दिसला होता. तिनं फोन ठेवला.

साहेबांनी दुरुस्ती करून घेतली, चहा थंड व्हायच्या आत झाली. ताईनं घर बदललं. नवा पत्ता तिनं मला दिलेला नाही. आणि खरं सांगू, आबा? हे सगळं ताईला लिहायचं होतं. पाठवायला पत्ता नाही, म्हणून तुम्हाला लिहीत बसले.